ओठावर उतरलेला ताप

“ताप गेला, पण ओठावर उतरला. म्हणजे आतली सगळी उष्णता बाहेर पडली ना?” सर्दी-तापाच्या दिवसांत लहान मुलांच्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारी बहुधा आजी असते. आईला विचारायचं असतं ते वेगळंच. रात्री मोबाइलवर शोधताना तिला ‘हर्पीस’ हा शब्द दिसलेला असतो आणि तेव्हापासून तिची झोप उडालेली असते. आजीचं बोलणं संपलं की ती आवाज खाली आणून विचारते, “हे तसलं काही नाही ना? तीन वर्षांच्या मुलाला कसं होईल?”

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि खरं तर तोच आधी विचारायला हवा: मूल पाणी पितंय का? ओठावरची पुळी सगळ्यांना दिसते, त्यामुळे घरातलं सगळं लक्ष तिच्यावर खिळतं. मलम कुठलं लावू, हळद चालेल का, डाग राहील का. पण ह्या आजारात पुळीवर काय लावलं ह्याने फारच थोडं ठरतं. बरंचसं ठरतं ते मूल किती पितं, औषध कितव्या दिवशी सुरू झालं आणि घरात तान्हं बाळ आहे का, ह्यांवर.

१. आजीचं निरीक्षण, आईची भीती

आजीने पाहिलेलं खरं आहे. ताप येऊन गेला की काही मुलांच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुबका उठतो. तिचा निष्कर्ष मात्र उलटा आहे. ताप तिथून बाहेर पडत नाही. ताप आल्यामुळे आधीपासून अंगात असलेला एक विषाणू जागा होतो. त्याचं नाव हर्पीस सिम्प्लेक्स. कांजिण्या आणि नागीण ज्याच्यामुळे होतात तो विषाणू ह्याच्याच कुळातला, पण वेगळा. त्यामुळे कांजिण्यांची लस घेतली म्हणून ओठावरच्या पुळ्या टळत नाहीत. हर्पीस सिम्प्लेक्सवर आजतरी लस नाही.

आता आईचा प्रश्न. हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. दुसरा प्रकार मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो आणि शब्दाला जी बदनामी चिकटली आहे ती बरीचशी त्याच्यामुळे. पहिला प्रकार लाळेतून पसरतो, आणि तो मिळायला आजोबांचा एक मुका किंवा बहिणीच्या तोंडातला चमचा पुरेसा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात हा पहिला प्रकार आहे. म्हणजे दर तिघांत जवळजवळ दोघे. दवाखान्याच्या बाकावर ओळीने बसलेल्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांकडे तो असेल आणि त्यांतल्या अनेकांना त्याचा पत्ताही नसेल. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलाला तो कोणी दिला ह्याचा घरात तपास लावण्यातही अर्थ नाही.

एक अपवाद सांगून ठेवायला हवा. लहान मुलाच्या जननेंद्रियांवर अशा पुळ्या दिसल्या तर त्या घरी अंदाज करत बसण्याची गोष्ट नाही. तोंडातलं बोट तिथे लागूनही त्या येऊ शकतात, पण इतर कारणांची शंका डॉक्टरांनीच दूर करायला हवी.

२. हरळीचं मूळ

पुळी सुकते, खपली पडते, कातडी पहिल्यासारखी होते. मग विषाणू जातो कुठे?

अंगणातली हरळी खुरप्याने काढलेली कोणीही पाहिली असेल. वरची जमीन साफ दिसते. उन्हाळाभर तिथे काही उगवत नाही. पहिला पाऊस पडला की त्याच जागी हिरवे कोंब दिसतात, कारण खालच्या काड्या शाबूत असतात. हर्पीसचं असंच होतं. पहिल्यांदा तोंडात शिरल्यावर हा विषाणू तिथल्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूत घुसतो आणि तंतूवाटे मागे मागे जात कानाच्या पुढे, कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या एका गाठीत मुक्काम ठोकतो. चेहऱ्याचा स्पर्श मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या नसेची ही गाठ. तिथे तो स्वतःच्या नव्या प्रती काढत नाही, पेशीला इजा करत नाही, नुसता पडून राहतो. शरीराच्या संरक्षक पेशींना तो सहजी सापडत नाही, आणि औषधांनाही नाही.

ऑस्ट्रेलियातले विषाणुतज्ज्ञ मॅकफार्लेन बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९३९ मध्ये असं मांडलं होतं की हा संसर्ग बालपणी एकदा होतो आणि जन्मभर दबा धरून राहतो. प्रत्यक्ष पुरावा बऱ्याच उशिरा हाती आला. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या ह्याच मज्जागाठीतून विषाणू वेगळा करून दाखवला.

हरळीला पाऊस लागतो, तशी ह्यालाही काही निमित्तं लागतात: ताप, कडक ऊन, थंडीने फुटलेले ओठ, जागरण, दाताचं काम, मनावरचा ताण. निमित्त मिळालं की विषाणू त्याच तंतूवरून उलट प्रवास करत ओठाशी येतो. म्हणून पुळी दर वेळी जवळजवळ त्याच जागी उठते. संसर्ग झालेल्यांपैकी सगळ्यांना हा त्रास होत नाही. साधारण तिघांपैकी एकाला तो पुन्हापुन्हा होतो, बाकीचे नुसते बाळगून असतात.

३. पहिली खेप

ओठावरची एकटी पुळी ही बहुतेक वेळा दुसरी, तिसरी, दहावी खेप असते. पहिली खेप वेगळी. बहुसंख्य मुलांमध्ये ती इतकी सौम्य असते की कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्यांना ती जोरात येते त्यांचे मात्र हाल होतात.

ही खेप साधारण सहा महिने ते पाच वर्षं ह्या वयात येते. सहा महिन्यांपर्यंत आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं बऱ्याच बाळांना सांभाळतात. समजा, दीड वर्षाची एक मुलगी आहे. सोमवारी ती किरकिर करू लागते, रात्री १०३ ताप. मंगळवारी लाळ इतकी गळते की झबलं भिजतं. घरात निदान ठरलेलं असतं: दाढा येतायत. बुधवारी ती दूधही लोटून देते. तोंड उघडून पाहावं तर हिरड्या लालभडक, सुजलेल्या, ब्रश लागताच रक्त येतंय. जिभेवर, गालांच्या आत, ओठांवर बारीक पांढुरके फोड. तोंडाला वास. गळ्याच्या गाठी सुजलेल्या. दात येताना हिरड्या शिवशिवतात, थोडी लाळही गळते; पण दातांनी १०३ ताप येत नाही आणि हिरड्यांतून रक्तही येत नाही. दातांच्या नावावर खपवलेले असे दोन दिवस महागात का पडतात, ते पुढे येईलच.

‘तोंड येणं’ म्हणून सगळंच एकत्र मोजलं जातं, त्यामुळे थोडी ओळख हवी. नुसतं तोंड येतं तेव्हा आतल्या मऊ भागात एक-दोन गोल, पिवळट व्रण असतात, ताप नसतो आणि ते कोणाला लागत नाही. हात-पाय-तोंडाच्या आजारात फोड घशाकडे जास्त असतात, शिवाय तळहात-तळपायांवर पुरळ असतं; २०२२ मध्ये केरळात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून ज्याची बातमी झाली तो ह्याचाच प्रकार मानला जातो. ओठाशेजारी मधाच्या रंगाची जाड खपली धरली असेल तर तो बहुधा जिवाणूंचा संसर्ग, त्याचं औषध निराळं. हर्पीसच्या पहिल्या खेपेची खूण म्हणजे ताप आणि सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरड्या.

पहिली खेप दहा ते चौदा दिवसांत आपोआप बरी होते. ते दिवस निभावून न्यायचे असतात.

४. आधी पाणी

ह्या मुलांना रुग्णालयात भरती करावं लागतं ते बहुतेक वेळा विषाणूमुळे नव्हे, शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे. गिळताना आग होते म्हणून मूल पीत नाही. न प्यायल्याने तोंड कोरडं पडतं, मग आग वाढते. हे चक्र तोडायचं.

पेलाभर पाणी पुढे करून उपयोग नाही. दर पाच-दहा मिनिटांनी चमचा-दोन चमचे, ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या आतल्या बाजूला सोडावं. थंड पदार्थ सोसवतात: गार दूध, पातळ नाचणीचं सत्त्व, निवलेली पेज, जलसंजीवनी. दोन-तीन वर्षांचं मूल गार शिकरण किंवा आइस्क्रीम खाईल. ताप असताना आइस्क्रीम म्हटलं की आजी डोळे मोठे करते, पण इथे त्याने नुकसान काही नाही. पोटात चार घास गेले हाच फायदा. लिंबू, संत्रं, टोमॅटोचं सार, आंबट ताक आणि खारट-तिखट मात्र आठ दिवस दूर ठेवावं. दोन दिवस पोळी-भाजी खाल्ली नाही तर चालतं, पाणी प्यायलं नाही तर चालत नाही. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, मूल मलूल पडून राहतंय, असं दिसलं तर रात्र असो की सुट्टी, डॉक्टरांकडे न्यावं.

दुखणं कमी केलं की मूल पितं. म्हणून पॅरासिटामॉल तापाइतकंच वेदनेसाठीही द्यायचं, आणि खाण्यापिण्याच्या अर्धा तास आधी दिलं तर जास्त फायदा. इथे एक हिशोब नीट समजून घ्यायला हवा. एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. दहा किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. आपल्याकडे हे औषध निरनिराळ्या तीव्रतेत मिळतं. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमच्या बाटलीतून १५० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे सहा मिलिलिटर. २५० मिलिग्रॅमच्या बाटलीतून तीन. आणि तान्ह्यांसाठीचे थेंब, ज्यांत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात, त्यांचे जेमतेम दीड. ‘मागच्या वेळी सहा दिलं होतं’ म्हणून थेंबांच्या बाटलीतून सहा मिलिलिटर गेलं तर ते चौपट होतं. तेव्हा लेबलावरचा आकडा वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको. विषाणूच्या आजारात त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

तोंडात काय लावू नये ह्याची यादी घराघरांत वेगळी निघेल. बोरिक पावडर आणि ग्लिसरीनचं मिश्रण नको. बोरिक अ‍ॅसिड पोटात गेलेलं मुलांना बाधतं. दात येतानाच्या बधिर करणाऱ्या जेली नकोत. जांभळं-निळं औषध बुरशीवरचं, विषाणूला त्याने काही होत नाही. वर्षाखालच्या मुलाला मध चाटवायचा नाही, हे तर कुठल्याही आजारात लागू. चुना आणि टूथपेस्ट ह्यांनी कातडी भाजते, एवढंच. ओठावरच्या पुळीला साधी पेट्रोलियम जेली पुरे. खपली ओली राहते, तडकत नाही.

५. पहिले ७२ तास

ह्या विषाणूवर औषध आहे: अ‍ॅसायक्लोविर. अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत ते १९७० च्या दशकात विकसित झालं, तिथल्या गर्ट्रूड एलियन ह्यांना इतर दोघांबरोबर १९८८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. औषधाची खुबी अशी की ते निद्रिस्त रूपात पेशीत शिरतं आणि त्याला जागं करणारं विकर विषाणू स्वतःच आणतो. म्हणजे ज्या पेशीत विषाणू प्रती काढतोय तिथेच औषध कामाला लागतं, निरोगी पेशी बहुतांशी वाचतात. जागं झालेलं औषध विषाणूच्या तयार होत असलेल्या डीएनएच्या साखळीत शिरून तिची वाढ तिथेच थांबवतं.

आता मज्जागाठीत पडून राहिलेला विषाणू आठवा. तो प्रती काढत नाही, त्यामुळे औषध त्याचं काही करू शकत नाही. अ‍ॅसायक्लोविर घेऊन हर्पीस मुळासकट गेला असं म्हणणाऱ्याने एकतर स्वतःची फसवणूक केलेली असते किंवा दुसऱ्याची.

औषध प्रती काढणं थांबवतं, झालेली जखम भरत नाही. सगळ्या प्रती काढून झाल्यावर ते देण्यात म्हणूनच अर्थ उरत नाही. इस्रायलमधल्या एका प्रसिद्ध चाचणीत (१९९७) एक ते सहा वर्षांच्या मुलांना लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांच्या आत अ‍ॅसायक्लोविरचं पातळ औषध सात दिवस दिलं. काहींना त्याच चवीचं नुसतं पाणचट द्रावण दिलं. औषध मिळालेल्यांचे तोंडातले फोड सरासरी चार दिवसांत गेले, इतरांचे दहा. पिण्याचा त्रास तीन दिवसांवर आला, इतरांना तो सहा दिवस राहिला.

म्हणून ‘दाढा येतायत’ ह्या समजुतीत गेलेले दोन दिवस महाग. सोमवारी ताप आलेल्या मुलीला बुधवारी नेलं तर औषध कामाचं. शनिवारी नेलं तर डॉक्टर बहुधा ते लिहिणारही नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. मात्रा वजनावर ठरते, मूल पुरेसं पीत असेल तरच औषध मूत्रपिंडांना सोसतं, तेव्हा हे दुकानातून परस्पर आणण्याचं औषध नाही.

आणि ते छोट्या ट्यूबमधलं मलम? ओठाला मुंग्या आल्यासारखं, चुरचुरल्यासारखं वाटतं तेव्हाच लावलं तर पुळीचा एखादा दिवस, बऱ्याचदा अर्धाच, वाचतो. तीन वर्षांचं मूल मुंग्यांबद्दल सांगत नाही. पुळी फुटल्यावर आणून लावलेलं मलम मुख्यतः आईबाबांच्या समाधानासाठी असतं.

६. डोळा, अंगठा, इसब

पुळीतल्या पाण्यात विषाणू गच्च भरलेला असतो, आणि मुलांचे हात कुठे फिरतील ह्याचा नेम नाही.

अंगठा चोखणाऱ्या मुलाच्या बोटावर लाल, ठणकणाऱ्या पुळ्या उठल्या तर घरात त्याला नखुरडं समजतात. खरं नखुरडं पू झाल्यावर फोडतात; हर्पीसचं फोडलं तर संसर्ग पसरतो आणि जखम चिघळते. तोंड आलेलं आहे आणि बोटही दुखतंय, हे डॉक्टरांना एकत्र सांगावं.

डोळ्याचं जास्त गंभीर. डोळा लाल झाला, उजेड सहन होत नाही, पापणीवर पुळ्या आल्या, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. घरात जुनी डोळ्याची बाटली असते, तिच्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि हर्पीस असताना ते घातलं तर बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. तेच ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ मिश्र मलमांचं. बुरशी, जिवाणू, खाज सगळं बरं करतो असा दावा करणाऱ्या त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. तात्पुरती लाली जाते आणि विषाणूला रान मोकळं मिळतं.

इसब असलेल्या मुलाची कातडी आधीच फाटकी असते. त्याच्या अंगावर एकाएकी एकसारख्या, मध्ये खड्डा असलेल्या पुळ्या पसरल्या आणि ताप चढला, तर थेट रुग्णालय गाठावं. कर्करोगावर उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या मुलांनाही हाच नियम.

७. सव्वा महिना

आतापर्यंतचं सगळं त्रासाचं होतं. तान्ह्या बाळाचं प्रकरण जिवावरचं आहे.

जन्मानंतरच्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती हा विषाणू एका जागी रोखू शकत नाही. तो यकृत, फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत जातो. आईला जुना संसर्ग असेल तर तिच्या प्रतिद्रव्यांचं थोडं कवच बाळाला मिळतं, पण त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. बाळ नीट ओढत नाही, सुस्त पडलंय, अंग तापलंय किंवा उलट गार पडलंय, अंगावर पुळ्या आहेत, झटका आला: ह्यांतलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. घरात कोणाच्या ओठावर पुळी होती का, हे स्वतःहून सांगायचं. पुळ्या नसल्या तरीही, कारण अशा काही बाळांच्या अंगावर एकही पुळी नसते. उपचार शिरेतून अ‍ॅसायक्लोविर, १४ किंवा २१ दिवस.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढत नाहीत. धोक्याचा काळ आणि हा सव्वा महिना जवळजवळ एकच. पण त्याच सव्वा महिन्यात बाराव्या दिवशी बारसं येतं, घर माणसांनी भरतं आणि पाळण्यातलं बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरतं. नियम सोपा आहे, पाळायला अवघड आहे: ज्याच्या ओठावर पुळी आहे किंवा येतेय असं वाटतंय, त्याने बाळाचा मुका घ्यायचा नाही, गालाचा नाही, हाताचाही नाही, कारण हात बाळाच्या तोंडात जातो. बाळगुटी चाटवणाऱ्या बोटाने आधी स्वतःच्या पुळीला हात लावलेला नसावा. आणि पुळी नसलेला माणूसही कधीकधी लाळेतून विषाणू सोडत असतो, म्हणून सव्वा महिना तोंडाचे मुके कोणीच घेऊ नयेत हे उत्तम. मावशीला हे सांगायचं कोणी, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा. दुरून अलाबला घेऊन कानशिलावर बोटं मोडण्याची पद्धत मात्र ह्या बाबतीत निर्धोक आहे.

आईच्याच ओठावर पुळी आली तर? दूध पाजणं थांबवायचं नाही. साबणाने हात धुवावे, पुळी मास्कने झाकावी, खपली पडेपर्यंत मुका टाळावा. पुळ्या स्तनावर असतील तर त्या बाजूने पाजू नये, दुसऱ्या बाजूने पाजावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

८. शाळा आणि चिमणीचे दात

ओठावर एखादी पुळी असलेल्या मुलाला शाळेत पाठवायला हरकत नाही. वर्गातल्या कितीतरी मुलांकडे हा विषाणू आधीच असतो, आणि पुळी नसतानाही तो अधूनमधून लाळेत उतरतो. पहिल्या खेपेतल्या, लाळ गळणाऱ्या मुलाला मात्र पाळणाघरात किंवा बालवाडीत नेऊ नये. तिथली खेळणी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं, ते साबणाने विरघळतं. त्यामुळे खेळणी आणि हात साबणाच्या पाण्याने धुणं एवढं निर्जंतुकीकरण घरात पुरतं. आजार सरल्यावर दातांचा ब्रश बदलावा.

उष्टं खाऊ नये ही घरातली जुनी शिकवण इथे कामाची आहे, तिची पळवाट मात्र नाही. शर्टाच्या टोकात पेपरमिंट किंवा कैरी धरून चावायची आणि ‘चिमणीच्या दातांनी तोडली’ म्हणून मैत्रिणीला द्यायची, हा खेळ अजूनही चालतो. कापड लाळ अडवत नाही. घास चावून मऊ करून बाळाला भरवणं, पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात धरून ‘स्वच्छ’ करणं, सगळ्यांची एकच पाण्याची बाटली, हेही त्याच खात्यातलं.

ज्या मुलाला पुळी वारंवार येते त्याचं निमित्त दोन-तीन खेपांत कळतं. उन्हाने येत असेल तर सहलीच्या दिवशी टोपी आणि ऊन रोखणारं ओठांचं मलम द्यावं. हिवाळ्यात ओठ फुटून येत असेल तर रात्री साजूक तूपसुद्धा चालतं. प्रत्येक तापानंतर येत असेल तर ताप काही टाळता येत नाही. तेव्हा पुळी आठ-दहा दिवस राहील आणि जाईल. वर्षातून पाच-सहापेक्षा जास्त वेळा येत असेल, किंवा एकदा आलेली दोन आठवड्यांत गेली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवावं.